सहा भोंगे आणि एक चूक

आमचे ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील गाव. भाद्रपदात गणपती बसले की मंडपाच्या खांबांवर भोंगे चढतात आणि दहा दिवस गावाच्या कानास विश्रांती नसते. आम्ही आयुष्यभर मुलांस शब्दरूपे आणि संधी शिकविले. विजेच्या तारांशी आमचा संबंध दिवा लावणे आणि मालविणे एवढाच. तथापि काही वर्षांपूर्वी एका उत्सवात जे घडले, त्याने उतारवयात आम्हांस एक नवा धडा घ्यावयास लावले. तो पुष्कळ घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहीत आहोत.

त्या वर्षी मंडळाने वडीलकीचा मान म्हणून आमच्याकडे अध्यक्षपद दिले होते. ध्वनिवर्धक यंत्र, ज्यास मंडपवाले नुसते ‘मशीन’ म्हणतात, ते आणि चार भोंगे भाड्याने आणलेले होते. जोडणी करणारा मुलगा विशीच्या आतला, बापाविना वाढलेला, हाताने कुशल आणि तोंडाने अबोल. पहिले पाच दिवस सर्व यथास्थित चालले. सहाव्या दिवशी कीर्तन होते. आमच्या थोरल्या वहिनी गुडघ्यांनी जायबंदी, मंडपापर्यंत येणे त्यांस अशक्य. “भाऊजी, यंदा कीर्तन कानी पडेल का हो?” एवढेच त्यांनी विचारले होते. आम्ही त्या मुलास म्हटले, “आणखी दोन भोंगे आण आणि आमच्या आळीकडे तोंड करून बांध.” तो चाचरत म्हणाला, “गुरुजी, मशीनला एवढा लोड झेपायचा नाही.” आम्ही हसून उत्तर दिले, “अरे, चार झेपतात त्यास सहा का झेपू नयेत?” त्याने मान खाली घालून भोंगे बांधले.

पूर्वरंग संपता संपता आवाज फाटू लागला, जळकट वास आला आणि यंत्र मुके झाले. मंडळींनी मुलास घेरले. “नुकसान हाच भरील,” असे एकमुखाने ठरले. तो काहीच बोलला नाही. आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीही काही बोललो नाही.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी शास्त्र शिकणाऱ्या नातवास जवळ बसविले आणि म्हटले, “आज तू गुरू आणि आम्ही शिष्य.” त्याने कागदावर जे मांडून दाखविले ते असे.

जर्मनीत गेओर्ग ओम यांनी 1827 साली विजेच्या प्रवाहाचा जो नियम प्रसिद्ध केला, तोच येथे लागू पडतो. प्रत्येक भोंगा विजेस काही विरोध करतो. तो ओम या मापाने मोजतात. भोंग्यामागील युनिट बहुधा 16 ओमचे असते. यंत्राच्या पाठीमागे 4, 8, 16 असे आकडे आणि त्यांपुढे स्क्रू असतात. जोडलेल्या सर्व भोंग्यांचा एकत्रित विरोध त्या आकड्याहून कमी होता कामा नये, हे पहिले सूत्र.

आता एकत्रित विरोध कसा काढावा? भोंगे शेजारी शेजारी, म्हणजे लाल तारेस लाल आणि काळ्या तारेस काळी अशा रीतीने जोडले, तर वीज जाण्यास वाटा वाढतात आणि विरोध घटतो. 16 ओमचे चार भोंगे असे जोडले की 16 भागिले 4, म्हणजे 4 ओम. हे 4 च्या स्क्रूवर बरोबर बसतात. परंतु सहा जोडले की 16 भागिले 6, म्हणजे पावणेतीनहूनही किंचित कमी. यंत्राकडे दीडपट प्रवाहाची मागणी झाली आणि ते तापून जळाले. आम्ही समजत होतो की भोंगे वाढविले की यंत्रास नुसते थोडे अधिक ओझे होते. वस्तुतः आम्ही त्याचा बांधच फोडला होता.

मग सहा भोंगे लावताच येत नाहीत का? येतात. दोन दोन भोंगे एकामागे एक, साखळीसारखे जोडावे. पहिल्याची काळी तार दुसऱ्याच्या लाल तारेस. अशा जोडीचा विरोध 32 ओम. मग अशा तीन जोड्या शेजारी शेजारी जोडाव्या. 32 भागिले 3, म्हणजे पावणेअकरा ओमच्या जवळपास. हे 8 च्या स्क्रूवर निर्धास्त चालते. यंत्र 200 वॅटचे असेल तर प्रत्येक भोंग्याच्या वाट्यास पन्नासऐवजी पंचवीस वॅट येतात. परंतु शक्ती निम्मी झाली म्हणून आवाज कानास निम्मा वाटत नाही, किंचित उणा वाटतो इतकेच.

दुसरी गोष्ट तारेची. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार शंभर मीटर नेली, तर जाण्यायेण्याचे दोनशे मीटर होऊन तिचाच विरोध सुमारे साडेतीन ओम होतो. चार ओमचे भोंगे इतक्या दूर नेले तर जवळजवळ निम्मी शक्ती तारेतच उष्णता होऊन जाते. यावर तोड म्हणून यंत्रास 100 व्होल्टचा वेगळा स्क्रू असतो आणि प्रत्येक भोंग्याशी लहान ट्रान्सफॉर्मर बसवितात. दाब वाढला की प्रवाह कमी लागतो आणि तारेतील नुकसान घटते. दूरच्या गावी वीज उच्च दाबाने नेतात, त्यातील युक्ती हीच. मात्र ट्रान्सफॉर्मरचे आणि बिनट्रान्सफॉर्मरचे भोंगे एकत्र जोडू नयेत.

हीच बेरीज जगभर चालते. परदेशी हौशी लोक मोटारबोटीच्या उंच कमानीवर कर्णे बांधतात, मागे दोर धरून पाण्यावर घसरत येणाऱ्यास गाणे ऐकू यावे म्हणून. तेथे 12 व्होल्टची बॅटरी आणि बहुधा चार ओमचे कर्णे. आमच्या विसर्जनाच्या ट्रॅक्टरवरही बॅटरी 12 व्होल्टचीच! वाहन निराळे, गणित एक.

आमच्या नैयायिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानिला आणि तो वीचितरंगन्यायाने पसरतो की कदंबमुकुलन्यायाने, याचा खल केला. आजचे शास्त्र त्यास हवेतील कंप म्हणते. परंतु लाट आणि चहूकडे उमलणारे कदंबाचे फूल, या दोन्ही उपमा भोंग्याखाली उभे राहिले की मनास पटतात. हा कंप सेकंदास सुमारे 340 मीटर चालतो. म्हणून जवळच्या आणि शंभर मीटरवरील भोंग्याचे बोल पाव सेकंदाहून अधिक अंतराने कानी येतात आणि शब्दांची खिचडी होते. भोंगे एका ठिकाणाहून बाहेर तोंड करून लावावे आणि माईक सदैव त्यांच्या मागे ठेवावा. मग शिट्टीही वाजत नाही.

काही पथ्ये तर घरोघरी पाठ असावीत. यंत्र बंद केल्यावाचून तारेस हात लावू नये. फ्यूज उडाला तर त्या जागी तारेचा तुकडा घालू नये. अर्थिंग असावेच. विजेच्या खांबास भोंगा बांधू नये; भाद्रपदातील पावसात उघडे सांधे प्राणघातक ठरतात.

आणि आवाजासही मर्यादा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिवर्धकास लेखी परवानगी लागते. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही पातळी ठरलेली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावता येत नाही, शासनाने सवलत दिलेले थोडे दिवस वगळून. एका घरी म्हातारीस कीर्तन हवे असते, तर शेजारच्या घरी आजाऱ्यास झोप हवी असते. दोघेही आपलेच.

असो. त्याच सायंकाळी आम्ही मंडळापुढे उभे राहिलो आणि सांगितले, “मुलाने नको म्हटले होते. हुकूम आमचा होता. नुकसान आमच्या निवृत्तिवेतनातून जाईल.” क्षणभर कोणी बोलेना. मग तो मुलगा पुढे येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, सहा भोंगे बसतात. फक्त जोडणी बदलावी लागते.” त्यास ती रीत आधीपासून ठाऊक होती! आम्ही त्यास विचारलेच नव्हते.

दुसरे यंत्र आले. त्याने तीन जोड्या बांधल्या. आठव्या दिवशी पुन्हा कीर्तन झाले आणि थोरल्या वहिनींनी ओसरीवर बसून ते शेवटपर्यंत ऐकले. जोडणी कोणी केली, हे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही त्या मुलास घरी बोलावून त्यांच्या हातून प्रसाद देवविला. चाळीस वर्षे मुलांस ‘ऐका’ म्हणून सांगितले. स्वतः ऐकण्याचा धडा मात्र आम्हांस त्याने दिला.