सात कंपनीप्रमुख, एक शपथ

उजवा हात वर करून ओळीने उभे असलेले सात कंपनीप्रमुख. १४ एप्रिल १९९४ चे हे छायाचित्र अनेकदा 'तंबाखू खटला' म्हणून दाखवले जाते. खटला मुळी नव्हताच. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील एका उपसमितीपुढची ती सुनावणी होती आणि हेन्री वॅक्समन तिचे अध्यक्ष होते. तिथे ना न्यायाधीश होते, ना आरोपी. शपथ मात्र खरी होती.

सिगारेट निरुपद्रवी असल्याची शपथ त्यांनी घेतली, हेही अर्धवटच. गाजला तो रॉन वायडेन यांचा प्रश्न, आणि तो निकोटिनच्या व्यसनाबद्दल होता. निकोटिनचे व्यसन लागत नाही, असे आपले मत असल्याचे सातही जणांनी एकामागून एक सांगितले. त्यांतल्या एकाची कंपनी तर मुख्यतः तोंडात धरायचा तंबाखू विकत होती!

'त्या काळी कुणाला एवढे ठाऊक नव्हते' ही सबब मला सर्वांत लंगडी वाटते. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने १९६४ मध्येच सांगितले होते. १९८८ च्या अहवालाने व्यसनाचाही निर्वाळा दिला. कंपन्यांना तर त्याआधीपासून माहीत होते. 'ब्राउन अँड विल्यमसन'चे कायदेविषयक प्रमुख ॲडिसन येमन यांनी १९६३ मध्येच लिहून ठेवले होते की निकोटिन व्यसन लावते आणि आपला धंदा तेच विकण्याचा आहे. याच कंपनीचे प्रमुख थॉमस सँडेफर त्या सातांत होते. सुनावणीनंतर महिन्याभरातच कंपनीच्या गुप्त कागदांचा गठ्ठा प्रा. स्टँटन ग्लांट्झ यांच्याकडे पोहोचला. पाठवणाऱ्याने आपले नाव दिले नव्हते.

मग खोट्या साक्षीबद्दल ते तुरुंगात गेले असतील? नाही. न्याय खात्याने चौकशी केली, पण सातांपैकी कुणावरही खोट्या साक्षीचा खटला उभा राहिला नाही. त्यांनी 'असे माझे मत आहे' एवढेच म्हटले होते. वस्तुस्थिती कागदाने खोडता येते. एखाद्याचे मत खोटे ठरवायचे तर त्याच्या मनात त्या वेळी वेगळेच होते, हे सिद्ध करावे लागते. वकिलांनी घोटून घेतलेले हे उत्तर असावे, असा संशय येतोच.

कंपन्या मात्र सुटल्या नाहीत. मुळात माफियांसाठी केलेल्या कायद्याखाली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ मध्ये त्यांना दशकानुदशके फसवणूक केल्याबद्दल दोषी धरले आणि जाहीर खुलासे छापण्याचा आदेश दिला. खुलाशांच्या मजकुरावरून अपिले होत राहिली. वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर ते झळकू लागले नोव्हेंबर २०१७ मध्ये.