तक्रार कुणाच्या टेबलावर जाते?

इतिहासाच्या अभ्यास मंडळावर मी काही वर्षं होते. बाहेरच्यांना वाटतं, तिथे विचारांची घनघोर लढाई होत असेल. प्रत्यक्षात चहा, बिस्किटं, श्रेयांक आणि कुठल्या घटकाला किती तास यावरची वादावादी. मधेच कुणीतरी हळूच म्हणतं, "लेख चांगलाय हो, पण उद्या कुणी मोर्चा आणला तर?" लेख गळतो. इतिवृत्तात ओळसुद्धा येत नाही. पुस्तकं जाळली की बातमी होते, पण बहुतेक पुस्तकं अशी चहासोबतच जातात.

ज्या लेखाची बातमी झाली, तो ए. के. रामानुजन यांचा, 'थ्री हंड्रेड रामायणाज'. रामानुजन मूळचे म्हैसूरचे, शिकागो विद्यापीठात शिकवायचे, 1993 मध्ये वारले. लेखाचा मुद्दा एवढाच की रामकथा एक नाही, अनेक आहेत आणि प्रत्येक कथा स्वतःच्या पायावर उभी आहे. वाल्मीकींची अहल्या वेगळी, तमिळ कंबनाची वेगळी. विमलसूरींच्या जैन रामायणात रावणाला मारणारा राम नव्हे, लक्ष्मण. कर्नाटकातल्या लोककथेत तर रावणालाच दिवस जातात आणि त्याच्या शिंकेतून सीता जन्मते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे पटवायला मला फार कष्ट पडले नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं मंदिर आहे. टाकलेल्या सीतेने तिथे गहू मागितला, गावाने दिला नाही, म्हणून तिने शाप दिला आणि गावात गहू पिकेनासा झाला, असं तिथली माणसं सांगतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन या मंदिराचा जीर्णोद्धार केला. ही कथा कुठल्या पोथीत आहे, असं रावेरीत कुणी विचारत नाही.

दिल्ली विद्यापीठात मात्र विचारलं गेलं. हा लेख बीए ऑनर्सच्या इतिहासाच्या वाचनयादीत होता. फेब्रुवारी 2008 मध्ये अभाविपचे कार्यकर्ते इतिहास विभागात घुसले, तोडफोड केली, विभागप्रमुखांना धक्काबुक्की केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि विद्यापीठाने चार तज्ज्ञांची समिती नेमली. तिघांनी लेख ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. चौथ्यांची शंका लेखाच्या विद्वत्तेबद्दल नव्हती. पदवीच्या वर्गात तो नीट शिकवला जाईल का, याबद्दल होती. ऑक्टोबर 2011 मध्ये विद्वत् परिषदेने लेख काढून टाकला. मोजक्या सदस्यांनी विरोध नोंदवला, त्यांना माझा नमस्कार.

मला यात सर्वात खटकतं ते वेगळंच. विभागात घुसून शिक्षकावर हात टाकणं हा गुन्हा, त्याची जागा पोलीस ठाण्यात. लेख शिकवायचा की नाही, हा अभ्यासाचा प्रश्न. पहिल्याचा जाब विचारण्याऐवजी विद्यापीठ दुसऱ्याचा काथ्याकूट करत बसलं. म्हणजे दगड मारणाऱ्यानेच बैठकीची विषयपत्रिका ठरवली.

अमेरिकेत मिनेसोटातल्या हॅम्लाइन विद्यापीठात 2022 मध्ये याच्या उलटी गफलत झाली. तिथे तोडफोड नव्हती, जमाव नव्हता. कलेतिहासाच्या ऑनलाइन तासाला एका शिक्षिकेने चौदाव्या शतकातलं एक चित्र दाखवलं. रशीदुद्दीन यांच्या 'जामी अल्-तवारीख' या इतिहासग्रंथातलं, प्रेषित महंमदांना जिब्रील संदेश देत असल्याचं. मुस्लीम दरबारात, मुस्लीम वाचकांसाठी काढलेलं. अशी चित्रं दाखवली जातील हे अभ्यासक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, आणि तासालाही ज्यांना बघायचं नाही त्यांच्यासाठी आधी सूचना दिली होती. तरी एक विद्यार्थिनी दुखावली. तिचं दुखावणं मी खोटं म्हणणार नाही. पण प्रशासनाने चित्राच्या जाणकारांना न विचारताच तो प्रकार इस्लामद्वेषी ठरवला आणि त्या शिक्षिकेला पुढच्या सत्रात काम मिळालं नाही. मुस्लीम पब्लिक अफेअर्स कौन्सिल ही मुस्लीम संघटनाच शिक्षिकेच्या बाजूने उभी राहिली. जानेवारी 2023 मध्ये प्राध्यापकांनी 71 विरुद्ध 12 मतांनी अध्यक्षांचा राजीनामा मागितला. इस्लामद्वेषी हा शब्द चुकला, असं विद्यापीठानेही मान्य केलं.

वसतिगृहात कुणाला धर्मावरून टोमणे मारले, खोली नाकारली, परीक्षेत डावललं, तर ती छळाची तक्रार. तिथे प्रशासनाने त्याच दिवशी उठून कामाला लागावं. पुस्तकाने किंवा चित्राने मन दुखावलं, तर ती आशयाची तक्रार. ती विषय शिकवणाऱ्यांकडे जावी, त्यांनी पुस्तक वाचावं, लेखी कारणं द्यावीत. याला वेळ लागतो, लागू द्यावा. मुंबई विद्यापीठात 2010 मध्ये रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' गेली ती याच घाईत: युवासेनेच्या उभारणीच्या काळात शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने प्रती जाळल्या, कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरले. तो वाद धर्माचा नव्हता, पण रस्ता तोच.

रामानुजन जिथे शिकवत, त्या शिकागो विद्यापीठाने 2015 मध्ये याबाबत आपली भूमिका कागदावर आणली. एखादं मत बहुतेकांना आक्षेपार्ह वाटतं, एवढ्यावर विद्यापीठ ते दाबणार नाही. मात्र धमकी, बदनामी, व्यक्तीचा छळ यांना संरक्षण नाही. आणि वक्त्याला विरोध खुशाल करा, पण त्याचं भाषण बंद पाडू नका. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी हाच नमुना घेतला. तो कागद सगळीकडे पाळला जातो असं नाही, पण गोंधळ झाला की बोट ठेवायला ओळ तरी असते.

हॅम्लाइनची शिक्षिका कायम नोकरीत नव्हती, हे वाचल्यावर मला आपले तासिका तत्त्वावरचे शिक्षक आठवले. त्यांना काढावं लागत नाही, पुढच्या वर्षी बोलावलं नाही की झालं. माझा असाच एक जुना विद्यार्थी मध्यंतरी फोनवर विचारत होता, "मॅडम, रामायणाच्या परंपरांचा भाग घेऊ ना वर्गात?" मी म्हटलं, "घे. पण वाचनयादी आधी छाप, विभागप्रमुखांची तारखेसकट सही घे आणि एक प्रत घरी ठेव." तो म्हणाला, सर सही करतील असं वाटत नाही. "मग नाही म्हणतात तेवढं तरी लेखी माग," मी म्हटलं.