बोटीचा गियर पडत नाहीये? आधी केबल सोडून बघा

बाईकचा गियर अडकला तर आपण रस्त्याच्या कडेला थांबतो. बोटीला कडा नाही आणि ब्रेकही नाही, रिव्हर्स गियर हाच तिचा ब्रेक. मुरबे-सातपाटीच्या खाडीत ओहोटीच्या धारेबरोबर धक्क्याकडे येताना रिव्हर्स पडला नाही, तर शेजारच्या बोटीवर आदळायला काही सेकंद पुरतात. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचा जीव गेला. इंजिनमधल्या बिघाडामुळे ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं होतं. म्हणून ‘जरा जड जातोय, चालेल’ हे पाण्यावर चालत नाही.

खाली जे लिहिलंय ते फायबरच्या छोट्या बोटीला मागे लावतात त्या आऊटबोर्ड इंजिनबद्दल आहे. मोठ्या मासेमारी बोटींचं डिझेल मशीन आणि गियरबॉक्स हे वेगळं प्रकरण.

आधी आत काय होतं ते बघू. इंजिन चालू असलं की पंख्याजवळचे फॉरवर्ड आणि रिव्हर्सचे दोन दातेरी गियर सतत उलटसुलट फिरत असतात. मधे एक दातेरी सरकता तुकडा असतो, त्याला डॉग क्लच म्हणतात. तुम्ही लिव्हर ढकलली की केबल त्याला एका बाजूला सरकवते आणि दाते अडकतात. बाईकसारखा अलगद पकडणारा क्लच इथे नाही. त्यामुळे लिव्हर हळूहळू सरकवली तर दाते एकमेकांवर घासून गोल होतात. इंजिन आयडलवर आणा आणि एका झटक्यात गियर टाका. ‘खट्’ आवाज आला पाहिजे, ‘कर्रर्र’ नाही.

आता बिघाड शोधायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना सिस्टीम मधोमध तोडतो आणि कुठल्या अर्ध्यात गडबड आहे ते बघतो. इथेही तेच. इंजिन बंद, चावी बाहेर, किल स्विचची दोरी काढलेली. मग इंजिनच्या बाजूने गियर केबल सोडा. सोडण्याआधी मोबाईलवर जवळून फोटो घ्या, कारण केबलचं टोक किती आटे आत होतं ते नंतर आठवत नाही.

केबल सुटल्यावरही लिव्हर जडच असेल तर दोष केबलमध्ये किंवा लिव्हरच्या बॉक्समध्ये आहे. आमच्या किनाऱ्यावर संशय आधी केबलवरच घ्या. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर काढलेल्या असतात, तेवढ्यात खारं पाणी आत सुकून केबल धरते. तेल सोडून ती चार दिवस चालते, पुन्हा अडकते. सरळ बदला.

लिव्हर मोकळी झाली तर दोष खाली आहे. एकाने पंखा हाताने फिरवायचा आणि दुसऱ्याने इंजिनवरचा गियरचा दांडा हलवायचा. पंखा न फिरवता दांड्यावर जोर लावू नका, वाकेल. दांडा पुढे-मागे नीट जात असेल तर बहुतेक फक्त केबलचं सेटिंग बिघडलंय. लिव्हर न्यूट्रलला असूनही स्टार्टर फिरत नाही, याचंही एक कारण हेच असतं. केबल परत जोडून, पंखा फिरवतच, स्लो-मोशन व्हिडिओ काढा. लिव्हर पूर्ण गेली आणि दांडा अर्ध्यावर थांबला, की उत्तर मिळालं.

गियर पडतो, इंजिन ओरडतं, पण बोट हलत नाही? तेव्हा पंख्याचा आतला रबरी बुश बघा. बुशच्या आतल्या नळीपासून पंख्यापर्यंत नेलपेंटची सरळ रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटली असेल तर बुश घसरतोय, गियर ठीक आहे. जोर दिल्यावर ‘कट-कट’ करून गियर सुटत असेल तर मात्र डॉग क्लचचे दाते गेलेत.

शेवटी गियर ऑईल. खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंबभर बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि त्याचा गुन्हेगार बऱ्याचदा तंगूस असतो. तो पंख्यामागे गुंडाळला जाऊन सील कापतो. तेलात धातूचे तुकडे असतील तर मेकॅनिकच लागेल. त्याला आधी तो व्हिडिओ पाठवा.

आणि हे सगळं किनाऱ्यावर. चालत्या बोटीत गियर फॉरवर्डला अडकला तर लिव्हरशी झटापट करू नका. किल स्विचची दोरी ओढा, नांगर टाका.