आधी पडद्यावर, मग लेण्यात

चीनच्या गान्सू प्रांतात, गोबी वाळवंटाच्या कडेला दुनहुआंग शहर आहे. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर मोगाव लेणी. इ. स. ३६६ मध्ये एका भिक्षूनं इथे पहिली गुहा कोरली, असं परंपरा सांगते. पुढची हजार वर्षं कोरणं आणि रंगवणं थांबलं नाही. आज ७३५ गुहा आणि सुमारे ४५ हजार चौरस मीटर भित्तिचित्रं तिथे आहेत. सामान्य माणसाला इतिहास कसा शिकवावा, याचा ही लेणी दाखवण्याच्या पद्धतीहून चांगला वस्तुपाठ मला ठाऊक नाही.

तो जन्मला अडचणीतून. माणसं आत शिरली की श्वासानं हवेतली आर्द्रता वाढते. खडकातले क्षार ओलावा धरतात, वाळताना पुन्हा स्फटिक होतात आणि चित्राखालचा गिलावा सुटू लागतो. फान चिनशी १९६३ मध्ये पेकिंग विद्यापीठातून पुरातत्त्व शिकून इथे आल्या, पुढे इथल्या संशोधन संस्थेच्या प्रमुख झाल्या. लोकांना अडवायचं नाही आणि चित्रंही गमवायची नाहीत, हा पेच त्यांनी सोडवला. २०१४ मध्ये लेण्यांपासून दूर एक डिजिटल केंद्र उभं राहिलं. वेळ आधी ठरवून आलेला पाहुणा तिथे वीसेक मिनिटांचे दोन चित्रपट बघतो. पहिल्यात रेशीम मार्गाचा इतिहास असतो. दुसरा घुमटाकार पडद्यावर, डोक्यावरून अंगावर येणारा. मग बस, मग हातात विजेरी घेतलेला मार्गदर्शक आणि मोसमात आठ गुहा. आत छायाचित्रणाला बंदी. पूर्ण तिकिटावर दिवसाला सहा हजार माणसं, त्यापुढे नाही. मर्यादा घातल्यामुळे शिकवणं सुधारलं, असं माझं स्पष्ट मत आहे. जे बघायचं त्याची गोष्ट आधीच कळलेली असते, म्हणून अंधारातली ती थोडी मिनिटं वाया जात नाहीत.

२५७ क्रमांकाच्या गुहेतलं नऊ रंगांचं हरीण घ्या. बुडत्या माणसाला ते वाचवतं, तोच माणूस बक्षिसाच्या लोभानं राजाला त्याचा ठावठिकाणा सांगतो. चित्रकारानं ही कथा पट्टीच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे आणली आहे. मधोमध हरीण राजासमोर ताठ उभं राहून बोलतं. शांघायच्या स्टुडिओनं १९८१ मध्ये यावर ॲनिमेशनपट काढला. हीच रुरु जातकाची कथा आपल्या अजिंठ्यात सतराव्या लेण्यात रंगवलेली आहे. अजिंठा बघून आलेल्या मराठी माणसाला मोगाव परकं वाटणारच नाही.

२८५ क्रमांकाच्या गुहेत तर त्याला आपले देवच भेटतील. तिथे इ. स. ५३८ आणि ५३९ चे लेख आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर नंदीवर बसलेला तीन मुखांचा महेश्वर आहे, खाली कार्तिकेय आणि विनायक, आणि दुसऱ्या बाजूला विष्णू. सगळे बुद्धाचे रक्षक म्हणून उभे केलेले. हत्तीच्या तोंडाचा गणपती इतक्या जुन्या काळी वाळवंट ओलांडून तिथवर पोहोचला होता!

ही गुहा बघायला चीनला जायलाच हवं असंही नाही. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी केंद्रात २७५, २८५ आणि ३२० या तीन गुहांच्या हातानं रंगवलेल्या, मूळ आकाराच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. त्याच वर्षी तीस गुहांची बारीक तपशिलांसह छायाचित्रं इंटरनेटवर सर्वांना खुली झाली.