रजेच्या अर्जाआधीची चिठ्ठी

इंग्लंड किंवा वेल्समधल्या पोलीस ठाण्यात काम करणारे सगळेच पोलीस नसतात. ९९९ वर आलेला फोन उचलणारी, कोठडीत आणलेल्या माणसावर रात्रभर लक्ष ठेवणारी, घरफोडीच्या जागी जाऊन ठसे उचलणारी, मुद्देमालाची खोली सांभाळणारी, कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर म्हणून वस्तीत पायी गस्त घालणारी अशा कितीतरी जणी तिथे ‘पोलीस स्टाफ’ म्हणून नोकरी करतात. कॉन्स्टेबलची शपथ त्यांनी घेतलेली नसते. आपली एखादी भाची किंवा सून तिथे अशी नोकरी करत असेल आणि तिला दिवस गेले असतील, तर हा फरक सगळ्यात आधी समजून घ्यायला हवा, कारण तिचे हक्क कुठून येतात ते त्यावरच ठरतं.

शपथ घेतलेला कॉन्स्टेबल कायद्याने कुणाचा नोकर नसतो, तो पदधारक असतो. त्याची किंवा तिची रजा २००३ च्या पोलीस नियमावलीतून येते. स्टाफ मात्र करारावरचे नोकर, म्हणून त्यांना १९९६ चा रोजगार हक्क कायदा लागू होतो. कॉन्स्टेबलला कामगार संघटनेत जायला मनाई आहे. स्टाफसाठी युनिसन, जीएमबी आणि युनाइट या संघटना आहेत. कामाच्या जागेच्या सुरक्षेचा १९७४ चा कायदा स्टाफला पहिल्यापासून लागू होता. शपथ घेतलेल्यांना तो लागू करायला १९९७ साली वेगळा कायदा करावा लागला आणि त्याचा अंमल १ जुलै १९९८ पासून सुरू झाला. तेव्हा शेजारच्या टेबलावरची गणवेशातली मैत्रीण आपल्या रजेबद्दल जे सांगेल, ते स्टाफमधल्या बाईला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. आपला करार स्वतः वाचावा आणि संघटनेच्या प्रतिनिधीला विचारावं.

आता खरा मुद्दा. इथे दोन वेगवेगळ्या सूचना आहेत आणि बायका त्यांची गल्लत करतात. प्रसूती रजेची सूचना द्यायची शेवटची मुदत म्हणजे बाळंतपणाच्या अपेक्षित आठवड्याआधीचा पंधरावा आठवडा. तेव्हा साधारण पंचविसावा आठवडा चालू असतो, म्हणजे सहावा महिना सरत आलेला असतो. त्यामुळे ‘अजून वेळ आहे, सांगू सावकाश’ असं वाटतं. पण सुरक्षेला अशी मुदत नाही. ते संरक्षण लेखी कळवलं की लगेच सुरू होतं, आणि कळवलं नाही तर पोटातल्या बाळासाठी काम बदलून द्यायची सक्ती मालकावर येत नाही. पहिले तीन महिने बाळाचे अवयव घडण्याचे असतात, गर्भपाताचा धोकाही तेव्हाच जास्त असतो, आणि नेमक्या याच महिन्यांत बहुतेकजणी बातमी पोटात ठेवतात. त्यामागची भीती खरी आहे. तरीही ज्या कामात मारामारी, जड ओझी किंवा विषारी द्रव्यं आहेत, त्या कामातल्या बाईने तीन महिने थांबू नये असं मला ठामपणे वाटतं. वरिष्ठाला तोंडी सांगणं पुरत नाही. दोन ओळींचा ईमेल करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. माहिती गुप्त ठेवण्याची विनंती त्याच ईमेलमध्ये करता येते.

चिठ्ठी गेल्यावर काय होतं? १९९९ च्या सुरक्षा व्यवस्थापन नियमांतला सोळावा नियम इथे कामाला येतो. ज्या जागी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया काम करतात, तिथल्या धोक्यांच्या तपासणीत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांचा विचार आधीपासून झालेला असलाच पाहिजे. कुणाला दिवस जाण्याची वाट पाहायची नसते. लेखी कळवल्यावर तिच्या एकटीच्या कामाची तपासणी होते. धोका निघाला आणि तो टाळता येत नसेल, तर आधी कामाची पद्धत किंवा वेळ बदलायची. ते जमत नसेल तर दुसरं योग्य काम द्यायचं, आणि त्याच्या अटी मूळ कामापेक्षा फारशा कमी असता कामा नयेत. तेही नसेल तर पूर्ण पगारावर घरी पाठवायचं. हा क्रम मालकाला उलटा फिरवता येत नाही. ‘तू आपली घरीच बस’ हे पहिलं उत्तर असू शकत नाही, आणि ‘दुसरं काम नाही, हेच कर’ हे शेवटचंही नाही.

पोलिसांतली कामं इतकी वेगवेगळी आहेत की एकच छापील फॉर्म सगळ्यांना लावणं धोक्याचं आहे. कोठडीतल्या कर्मचारी बाईला सगळ्यात मोठं भय पोटावर बसणाऱ्या लाथेचं. दारूच्या नशेतल्या माणसाला आवरताना कोण कुठे पडेल ते सांगता येत नाही, म्हणून तिला प्रत्यक्ष कैद्यांच्या संपर्कातून बाहेर काढावं लागतं. गस्तीवरच्या बाईच्या अंगात सुरीपासून वाचवणारं जाड जाकीट असतं. पोट वाढतं तसं ते दाटतं, आणि सैल करून घातलं तर वाचवत नाही. अशा वेळी गस्तच थांबवायची असते. ठसे आणि नमुने घेणाऱ्या बाईला रसायनं, रक्त, जड पेट्या आणि शिड्या यांचा हिशेब मांडावा लागतो. कंट्रोल रूम वरवर सुरक्षित दिसते, कारण काम बसून असतं. पण फोनची रांग लागलेली असताना लघवीला उठता येत नाही, बारा तासांची पाळी असली तर पाय सुजतात, आणि कानावर जे पडतं ते मनावर ओझं टाकतं. तिथे ठरलेल्या वेळाखेरीज उठण्याची मोकळीक लेखी मिळवणं महत्त्वाचं असतं. रात्रपाळी आईच्या किंवा बाळाच्या तब्येतीला घातक आहे असा दाखला डॉक्टरने किंवा मिडवाइफने दिला, तर मालकाला दिवसाचं काम द्यावंच लागतं, नाहीतर पगारी सुट्टी.

शस्त्रागार आणि गोळीबाराच्या सरावाची जागा यांचा विचार फारसा कुणाच्या मनात येत नाही. गोळी सुटताना शिशाची बारीक धूळ उडते. ती हवेत राहते, कपड्यांवर बसते आणि झाडणाऱ्याच्या श्वासात जाते. शिसं वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणतं. हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसंही गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरू शकतं. म्हणूनच शिशाबद्दलच्या २००२ च्या नियमांत वेगवेगळ्या मर्यादा आहेत: एरवी रक्तात दर डेसिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅम शिसं आढळलं की त्या कामावरून हटवायचं, पण मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ३० लाच. दिवस गेल्यावर तर अशा कामापासून दूरच राहायचं.

रजेचं गणित त्यामानाने सोपं आहे. एकूण ५२ आठवडे. अपेक्षित आठवड्याच्या ११ आठवडे आधीपासून ती सुरू करता येते, आणि बाळंतपणानंतरचे दोन आठवडे कामावर यायला कायद्यानेच बंदी आहे. विसाव्या आठवड्यानंतर मिडवाइफकडून ‘मॅट बी-१’ नावाचा दाखला मिळतो. अर्ज पोचल्यावर २८ दिवसांत मालकाने रजा संपण्याची तारीख लेखी कळवायची असते. शेवटच्या चार आठवड्यांत गरोदरपणाच्या त्रासाने एक दिवस जरी गैरहजर राहावं लागलं, तर रजा आपोआप सुरू होते. त्याआधीची अशी गैरहजेरी मात्र नेहमीच्या आजारपणात मोजून तिच्याविरुद्ध वापरता येत नाही.

पगार ३९ आठवडे मिळतो. पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, नंतरचे ३३ आठवडे सरकारने ठरवलेली रक्कम किंवा ९० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. ही रक्कम २०२५-२६ साठी आठवड्याला १८७.१८ पौंड होती. त्यावर दलाचा स्वतःचा करार किती भर घालतो ते प्रत्येकीने तपासावं. आपल्याकडे पोलीस आयुक्तालयातली लिपिक आणि ठाण्यातली महिला शिपाई दोघींनाही १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम लागू आहेत, आणि त्यांत १८० दिवस पूर्ण पगारी रजा आहे, मात्र हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तरच. इंग्लंडमध्ये मुलांच्या संख्येची अट नाही, पण पहिल्या सहा महिन्यांत हातात पडणारा पगार बघितला, तर केवळ कायद्याच्या किमान रकमेवर राहणाऱ्या बाईपेक्षा आपली लिपिक सुस्थितीत असते.

या पगारात एक खाच आहे. ती ९० टक्क्यांची सरासरी काढतात ती बाळंतपणाआधीच्या पंधराव्या आठवड्यापर्यंतच्या आठ आठवड्यांच्या मिळकतीवरून, म्हणजे साधारण सतराव्या ते पंचविसाव्या आठवड्यात जे मिळालं त्यावरून. सुरक्षेसाठी रात्रपाळी बंद झाली आणि तिच्याबरोबर पाळीचा भत्ताही गेला, तर सरासरी खाली येते. काम बदलून घेतानाच ‘भत्ता चालू राहणार का?’ हे विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

बाळाच्या बापाला किंवा आईच्या जोडीदाराला दोन आठवडे पितृत्व रजा आहे. एप्रिल २०२४ पासून ती एकेक आठवडा करून पहिल्या वर्षात कधीही घेता येते. आईने आपली रजा आटोपती घेतली तर उरलेल्यातले ५० आठवड्यांपर्यंत दोघांना वाटून घेता येतात, त्यांतले ३७ पगारी. दोघंही पाळ्यांमध्ये काम करत असतील तर हे वाटप कागदावर मांडून पाहावंच, कारण प्रत्येक बदलाला आठ आठवडे आधी सूचना लागते.

कामावर परतल्यावरही संरक्षण संपत नाही. बाळंतपणानंतर सहा महिने, आणि त्यापुढे अंगावर पाजत असेपर्यंत, धोक्यांची तपासणी पुन्हा मागता येते. पाजत असल्याचं तेवढं लेखी कळवायचं. आडवं पडून विश्रांती घेण्याची जागा मालकाने द्यायची असते आणि दूध काढायला संडासात पाठवणं योग्य धरलं जात नाही. २६ आठवड्यांच्या आत परतली तर तिला तेच काम परत मिळतं. त्याहून जास्त रजा घेतली आणि तेच काम देणं खरोखर शक्य नसेल, तर तितक्याच चांगल्या अटींचं दुसरं द्यावं लागतं. नोकरकपात निघाली तर गरोदरपण कळवल्यापासून मूल दीड वर्षाचं होईपर्यंत दुसऱ्या योग्य जागेवर तिचा हक्क आधी असतो.

मूल दिवस भरण्याआधी जन्मलं आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर ६ एप्रिल २०२५ पासून आईबाप दोघांनाही वेगळी रजा मिळते. पहिल्या २८ दिवसांत दवाखान्यातली शुश्रूषा सुरू झालेली असावी आणि ती सलग सात दिवस तरी चाललेली असावी. मग जितके आठवडे मूल तिथे राहील तितके आठवडे, जास्तीत जास्त १२. ही रजा प्रसूती रजेतून कापली जात नाही. आईने आधी आपली ठरलेली रजा पूर्ण करावी आणि मग ही जोडून घ्यावी, जन्मापासून ६८ आठवड्यांच्या आत.