ऐकण्याचे भाडे

आमच्या वस्तीत माझ्या घरापासून चार घरे टाकून एक मावशी राहतात. नवरा नाही. मुलगा ऊसतोडीला जातो, तो दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्यातच परततो. मागच्या हिवाळ्यात त्यांचा भाऊ वारला. भावाचे गाव वीस कोसांवर. भाचा सकाळपासून फोन लावत होता आणि प्रत्येक वेळी या क्रमांकावर इनकमिंगची सोय उपलब्ध नाही, एवढेच ऐकत होता. मावशींचा फोन बिघडलेला नव्हता. बॅटरी भरलेली होती, टॉवरही लागत होता. फक्त रिचार्जची मुदत संपून काही दिवस झाले होते. शेवटी एक पोरगा मोटारसायकलवरून सांगायला आला, तोवर तिकडे माती होऊन गेली होती. मावशी एवढेच म्हणाल्या, "मी कुठं कुणाला फोन लावत व्हते, बाबा? मला नुसता ऐकायचा व्हता."

शिकलेल्या माणसाला हे बोलणे भाबडे वाटेल. पण ऐकणाऱ्याने पैसे का मोजायचे, हा प्रश्न आपल्या देशाच्या दूरसंचार धोरणाच्या मुळाशी जाणारा आहे. तो कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा, म्हणून हे लिहीत आहे.

भारतात मोबाईल १९९५ साली आला. तेव्हा फोन करणारा पैसे देई आणि उचलणाराही देई. आलेला फोन उचलण्याचा दर मिनिटाला आठ रुपयांच्या वर होता. साहजिकच फोन होता तो मालकाच्या खिशात. करणाऱ्यानेच पैसे द्यावेत अशी पद्धत आणण्याचा प्रयत्न नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १९९९ मध्ये केला. तो दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. अखेर १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले. त्यानंतरच मोबाईल हमालाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या, वीटभट्टीवरच्या मजुराच्या हातात पोहोचला. दहा रुपयांचा रिचार्ज मारायचा आणि महिनोन् महिने फक्त येणारे फोन घ्यायचे, अशी रीत पडली. मिस्ड कॉल ही तर गरिबांनी स्वतः शोधून काढलेली भाषाच होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे तू लाव. छत्तीसगढमध्ये २०१० साली सुरू झालेल्या सीजीनेट स्वरा या उपक्रमाने याच युक्तीवर बातम्यांचे जाळे उभे केले. आदिवासी माणसाने मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन यायचा आणि त्याने आपल्या भाषेत आपली बातमी सांगायची. या साऱ्याचा पाया एकच होता : येणारा फोन फुकट.

हा पाया कसा खचला, ते पाहू. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, तर पहिल्या कंपनीने दुसरीला तो फोन पोहोचवण्याबद्दल काही पैसे द्यावेत, असा नियम होता. म्हणजे मावशींनी स्वतः काही खर्च केला नाही, तरी त्यांना आलेल्या प्रत्येक फोनमागे त्यांच्या कंपनीला उत्पन्न होते. हा आकार २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे होता. २०१५ मध्ये तो १४ पैशांवर आला, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैशांवर आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर. ज्या क्षणी हे उत्पन्न आटू लागले, त्या क्षणी केवळ ऐकणारा ग्राहक कंपनीच्या लेखी ओझे ठरला. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी नवी अट घातली : दर २८ दिवसांना किमान ३५ रुपये भरा, नाहीतर आधी आउटगोइंग बंद आणि काही दिवसांनी इनकमिंगही बंद. खात्यात शिल्लक पडून असली तरी बंद. पुढे हा किमान आकडा वाढतच गेला, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवसांचा साधा रिचार्ज १९० ते २०० रुपयांच्या घरात पोहोचला.

२८ दिवसांचा महिना हीही एक हातचलाखी आहे. वर्षाचे महिने बारा, पण असे रिचार्ज तेरा. दोनशेच्या हिशेबाने वर्षाला सुमारे २६०० रुपये झाले. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यातले दोनशे, म्हणजे आठव्या हिश्श्याहूनही जास्त, तिने नुसते 'मी आहे' हे टिकवण्यासाठी द्यायचे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी फक्त बोलणे आणि संदेश यांचे वेगळे रिचार्ज देण्याची सक्ती केली. पाऊल योग्य होते. पण कंपन्यांनी जे पॅक काढले त्यातले स्वस्त म्हणावेत असे ८४ दिवसांचे होते आणि त्यांची किंमत ४५० ते ४७० रुपये होती. ज्याच्या हाती आठवड्याची मजुरी येते, त्याच्याकडे एकरकमी साडेचारशे कुठून यावेत? गरिबाला थोडेथोडे विकत घ्यावे लागते आणि म्हणूनच महाग पडते, हे किराणा दुकानातले सत्य इथेही लागू आहे.

नियमाची दुसरी बाजूही पाहावी. २०१३ पासून असा नियम आहे की, सलग ९० दिवस काहीच वापर नसल्याशिवाय क्रमांक रद्द करू नये, आणि खात्यात २० रुपये असतील तर ते कापून मुदत वाढवून द्यावी. कागदावर हे संरक्षण चांगले दिसते. पण आलेला फोन हाही वापरच; आणि इनकमिंगच अडवले, तर वापर होणार कसा? आधी दार बाहेरून लावायचे आणि मग घरात कोणी राहत नाही म्हणून घर दुसऱ्याला द्यायचे, असा हा न्याय आहे. दुसऱ्याला देणे हे मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांपर्यंत नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले. त्यानंतर तो दिला जाऊ शकतो, हाच त्याचा अर्थ.

आणि आज क्रमांक म्हणजे नुसता फोन नव्हे. आधार त्याला जोडलेले, बँकेचे खाते त्याला जोडलेले. मी शिक्षक आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या दिवसांत दरवर्षी दोन-चार मुले माझ्यासमोर उभी राहतात, कारण महाडीबीटीवर ओटीपी ज्या क्रमांकावर जातो तो क्रमांक आईचा असतो आणि तो बंद पडलेला असतो. आधी रिचार्जला पैसे नसतात, आणि क्रमांक गेला की आधार केंद्रावरच्या रांगेत एक दिवसाची मजुरी जाते. शासन एका हाताने सांगते की तुझा हक्क तुझ्या मोबाईलवर येईल. आणि तो मोबाईल ऐकता ठेवण्याची जबाबदारी मात्र बाजारावर सोपवते. हक्काच्या वाटेवर खासगी जकातनाका बसला आहे.

कंपन्यांची बाजू खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. टॉवरला वीज लागते, लहरींचे परवाने लागतात, क्रमांकांची संख्याही अमर्याद नाही. कोणीच काही देत नसेल तर जाळे चालणार कसे, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर ऐकणाऱ्या म्हातारीच्या गळ्याशी येऊन का थांबावे? टाळेबंदीत काय घडले ते आठवा. मार्च २०२० च्या अखेरीस ट्रायने कंपन्यांना मुदती वाढवण्यास सांगितले आणि कंपन्यांनी कोट्यवधी गरीब ग्राहकांचे इनकमिंग रिचार्ज नसतानाही चालू ठेवले. आधी १७ एप्रिलपर्यंत आणि मग ३ मेपर्यंत. जाळे कोसळले नाही. तंत्रज्ञान अडवत नाही आणि एवढ्याने कंपनी बुडतही नाही, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

इथे मला माझे आजोबा आठवतात. ते गावचे येसकर होते. गावात कोणी वारले की चार गावच्या सोयऱ्यांना सांगावा पोहोचवायचा, तोही पायी, ऊन-पाऊस न पाहता. मोबदला म्हणजे बलुत्याची शिळी भाकर. महार वतनाच्या नावाखाली आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या गावाचे निरोप वाहिले. या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचे बिल मांडले. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. त्याच व्यवस्थेच्या धर्मशास्त्रांनी शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेला रस ओतण्याची शिक्षा सांगितली होती. म्हणजे निरोप वाहायचा आम्ही, आणि ऐकण्याचा अधिकार दुसऱ्याचा. आजची कंपनी कोणाची जात विचारत नाही, हे खरे. पण साठवण नसलेला, जमीन नसलेला, हातावर पोट असलेला माणूस कोणत्या वस्तीत जास्त सापडतो, हे जातीनेच ठरवून ठेवले आहे. ज्यांच्या आजोबांनी इतरांचा सांगावा फुकट वाहिला, त्यांच्याच घरातल्या बाईला स्वतःच्या भावाच्या मरणाचा सांगावा पैसे भरल्याशिवाय मिळत नाही.

मग मागणी काय करायची? सगळे फुकट द्या, अशी नव्हे. मागणी नेमकी असावी. एक : रिचार्ज संपला तरी वर्षभर प्रत्येक क्रमांकावर येणारे फोन आणि संदेश चालू राहावेत. दोन : येणारा फोन चालू ठेवल्याशिवाय 'वापर नाही' या कारणाने क्रमांक रद्द करता येऊ नये. तीन : याचा खर्च सार्वजनिक निधीतून भागवावा. असा निधी आहेच. सार्वत्रिक सेवेच्या नावाने २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के भाग घेतला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. खेड्यात टॉवर उभारणे हे त्याचे काम असेल, तर त्या टॉवरखालच्या माणसाला ऐकू येणे हेही त्याचेच काम मानले पाहिजे. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही गरिबांच्या फोनबिलात सवलत देणारी लाईफलाईन योजना १९८५ पासून आहे. आणि बाबासाहेबांनी तर १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्याच मालकीचे असावेत, असे मांडले होते. आपण त्यापेक्षा फारच थोडे मागत आहोत.

दर आणि नियम बदलण्याआधी ट्राय मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागवते. कंपन्या त्यावर वकिलांकरवी पानेच्या पाने लिहितात. आपल्या संघटनांनी, वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनीही लिहावे. त्यासाठी आधी आपापल्या वस्तीत एक साधी मोजणी करावी : किती घरांतला फोन आज ऐकू शकतो, किती घरांतला नाही, आणि त्यामुळे कोणाचे काय बुडाले. आमच्या वस्तीची वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर मावशींच्या भावाचा दिवस लिहिला आहे.