हॉर्नबी रोडवरचा तो काळा कोटवाला

सकाळी नऊ वीस. सीएसएमटी. लोकलमधून बाहेर फेकले गेलो, सबवेतून वर आलो, कानात इअरफोन, नजर मोबाइलवर आणि पाय आपोआप फोर्टच्या दिशेनं. डी. एन. रोडवर रोज हजारो जण असेच चालतात. मीही चालायचे. फ्रीलान्स व्हायच्या आधी दोन वर्षं नोकरीसाठी हाच रस्ता तुडवला. मान वर करून एकदा तरी बघितलं असेल? चक्क नाही!

बघायला लावलं ते एका पोस्टकार्डानं.

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं पोस्टकार्ड आहे. कडा झिजलेल्या, रंग चहासारखा. खाली इंग्रजीत छापलंय, हॉर्नबी रोड, बॉम्बे. उजव्या हाताला व्हीटीचा घुमट, मध्ये रुंद रस्ता, डावीकडे कमानींची रांग. आणि एका कमानीखाली काळा कोट, धोतर, डोक्यावर टोपी असा एक माणूस. चेहरा पुसट.

''हे आमचे तात्या,'' आजोबा सांगतात. तात्या म्हणजे त्यांचे वडील, माझे पणजोबा. आमच्या घरात हे वाक्य गणपतीच्या आरतीइतकं पक्कं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर हे कार्ड दाखवलं जातं.

मी म्हटलं, मस्त स्टोरी आहे, करूया!

आधी थोडी हिस्ट्री (झोपू नका!)

क्रॉफर्ड मार्केटकडून निघून सीएसएमटीवरून हुतात्मा चौकापर्यंत जाणारा हा रस्ता पूर्वी कोटाच्या आतली एक साधी गल्ली होता. कोट म्हणजे खराखुरा तटबंदीचा किल्ला. 'फोर्ट' हे नाव त्यातूनच आलं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तटबंदी पाडली, शहर मोकळं झालं आणि गल्लीचा ऐसपैस रस्ता झाला. नाव हॉर्नबीचं. हा विल्यम हॉर्नबी अठराव्या शतकातला मुंबईचा गव्हर्नर. महालक्ष्मीजवळचा हॉर्नबी वेलार्ड त्याचाच.

पुढच्या काही दशकांत इथे एकापेक्षा एक इमारती उभ्या राहिल्या. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सनं डिझाइन केलेलं व्हीटी १८८८ मध्ये पूर्ण झालं, समोरची महापालिका १८९३ मध्ये. तीही त्याचीच! १८९६ च्या नियमानं तर बिल्डरांना सांगितलं, की इमारत काय हवी ती बांधा, पण तळमजल्यावर लोकांना चालायला छप्पर असलेली वाट सोडा. जुलैच्या पावसात आपण छत्री न उघडता अर्धा रस्ता पार करतो ना, ते याच नियमाच्या कृपेनं.

रस्त्यावरची दुकानं म्हणजे त्या काळचे मॉल. व्हाइटअवे लेडलॉचं भव्य डिपार्टमेंट स्टोअर इथलंच. उधारी बंद, रोख मोजा आणि माल न्या, ही त्यांची ख्याती. गंमत बघा, याच इमारतीवर पुढे खादी भांडाराचा बोर्ड लागला. आणि हॉर्नबीच्या जागी नाव आलं दादाभाई नौरोजींचं. १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले, हिंदुस्थानचा पैसा इंग्लंडला कसा वाहून जातो ते आकडेवारीनं मांडणारे दादाभाई! साहेबाच्या शॉपिंग स्ट्रीटला याहून भारी उत्तर सुचलं नसतं.

फोटो बोलतात, पण हळू

त्या काळात मुंबईत फोटोग्राफीचा धंदा जोरात होता. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये इथे स्टुडिओ काढला. क्लिफ्टन अँड कंपनीचे शहराचे फोटो साहेब लोक आठवण म्हणून विलायतेला न्यायचे. पोस्टकार्डं आली आणि तीच दृश्यं स्वस्तात घरोघर पोचली. आमच्या कार्डावर मात्र कोणाचंच नाव नाही.

हे फोटो बघताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. इमारती कोरल्यासारख्या स्पष्ट आणि माणसं धुरकट. कारण साधं आहे. प्लेटवर प्रकाश पडायला वेळ लागायचा. जो थांबला तो उमटला, जो चालत राहिला तो विरला. म्हणजे ऑफिसला उशीर झालेला माणूस तेव्हाही फोटोत नीट यायचा नाही!

मी कार्ड स्कॅन केलं, लॅपटॉपवर मोठं केलं आणि तारीख शोधायला बसले. महापालिकेचा मनोरा दिसतोय, म्हणजे १८९३ नंतरचं. रस्त्यात रूळ आहेत, रुळावर ट्राम आहे. ट्रामला... घोडे!

इथे माझ्या पोटात गोळा आला.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी, भाडं तीन आणे आणि तिकीट नावाचा प्रकारच नाही. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला. विजेची ट्राम म्हणजे रस्त्यावर खांब आणि डोक्यावर तारा. मी कार्डाचा कोपरा न् कोपरा झूम केला. एकही तार नाही.

म्हणजे फोटो १९०७ च्या आधीचा. आणि आमचे तात्या कोकणातून बोटीनं मुंबईत आले ते १९१२ मध्ये, सोळाव्या वर्षी. फोर्टातल्या एका पेढीत कारकून म्हणून चिकटले. हा फोटो काढला तेव्हा ते फार तर अकरा वर्षांचे असतील, गावात सूरपारंब्या खेळत. कमानीखालचा तो काळा कोटवाला आमचा कोणीही नाही.

सांगायचं की नाही?

दोन दिवस मी स्टोरी लिहिलीच नाही. मैत्रीण म्हणाली, ''सोड ना यार, सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला काय फरक पडतो?'' आई म्हणाली, ''त्यांना काही सांगू नकोस.'' पण छापायचं तर खरं छापायचं, एवढं मास कॉमनं शिकवलंय. आणि आजोबांना मासिकातून कळलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं.

रविवारी लॅपटॉप घेऊन दादरला गेले. घोडे दाखवले, नसलेल्या तारा दाखवल्या. १९०७ चं गणित मांडलं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

''अगं, तात्या गेले तेव्हा मी चार वर्षांचा. बेचाळीस साल. त्यांचा एकही फोटो नाही घरात. स्टुडिओत जाऊन पैसे घालवायची आमची ऐपत नव्हती. मी आईला सारखं विचारायचो, तात्या कसे दिसायचे? एकदा तिनं हे कार्ड काढलं. तात्यांनीच कुठूनसं आणलेलं. त्यावर बोट ठेवून म्हणाली, असेच जायचे बघ ऑफिसला.''

थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

''असेच म्हणाली होती ती. त्याचं 'हेच' कधी झालं, मलाच कळलं नाही.''

मी काय बोलणार? सॉरी म्हटलं. ते म्हणाले, ''सॉरी कशाला? आई काही खोटं बोलली नव्हती.''

मग स्वतःच म्हणाले, ''चल, दाखव मला ती कमान.''

रविवारी डी. एन. रोड म्हणजे वेगळंच शहर असतं. टॅक्सी थेट कमानीपर्यंत गेली. मोबाइलची कव्हरं, बेल्ट, चष्मे विकणारे दोन-तीन जण तेवढे बसले होते. कार्ड हातात धरून आम्ही कोन जुळवला. घुमट तिथेच. महापालिकेचा मनोरा तिथेच. ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची गेली, आजोबांनी ती खूप वापरलीय. ते कमानीखाली, खांबाला हात लावून उभे राहिले.

''हलू नका हं आजोबा,'' मी म्हटलं आणि क्लिक केलं.

चेहरा एकदम स्पष्ट आलाय. त्याची प्रिंट काढली. मागे आजोबांनी स्वतःच्या अक्षरात नाव, तारीख, जागा लिहिली आणि प्रिंट ट्रंकेत ठेवली, त्या कार्डाशेजारी. कार्ड अजून पाहुण्यांना दाखवतात. फक्त आता म्हणतात, ''आमचे तात्या असेच जायचे.''

माझ्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत. एकाच्याही मागे नाव नाही. तुमच्या?

तुम्हीही व्हा फोटो डिटेक्टिव्ह!

जुन्या मुंबईचा फोटो हाती लागला तर हे बघा:

• ट्रामला घोडे आहेत की डोक्यावर तारा? मे १९०७ ही सीमारेषा.

• डबलडेकर ट्राम दिसतेय? मग १९२० किंवा त्यानंतरचा.

• बस दिसतेय? १५ जुलै १९२६ ला मुंबईतली पहिली बस धावली, त्यामुळे फोटो त्यानंतरचा.

• फ्लोरा फाउंटन दिसतंय, पण शेजारी हुतात्मा स्मारक नाही? मग फोटो स्मारकाच्या आधीचा.

• आणि घरातल्या फोटोंसाठी एकच टिप. सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या आणि मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा.